बिनआठाचे सर

आमच्या तंत्रनिकेतनाच्या जिन्याला बावीस पायऱ्या होत्या. सर त्या सव्वीस मोजायचे.

मी नोकरीला लागले त्या पहिल्याच आठवड्यात त्यांच्या मागून जिना चढत होते. पुढे एक उंच, खांद्यात वाकलेले गृहस्थ. पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट, गळ्यापर्यंत लावलेली बटणं, एक हात कठड्यावर. पुटपुटत चालले होते, "पाच, सहा, सात, दहा, अकरा..." मला वाटलं, वय झालंय, चुकले असतील. पण पुढे "सोळा, सतरा, वीस" आलं तेव्हा कळलं की चूक नाही, मोजणीच वेगळी आहे. वरच्या पायरीवर ते थांबले, मागे वळले आणि म्हणाले, "मॅडम, आठ आणि नऊ हे आकडे नसले तरी माणसाचं काही अडत नाही."

ही त्यांची माझी ओळख.

आमचं तंत्रनिकेतन नगरहून सुप्याकडे जाताना रस्त्याच्या कडेला आहे. मुलांना शिकून सुप्याच्या कारखान्यांत चिकटायचं असतं, त्यामुळे परीक्षेत येत नाही ते त्यांना नको असतं. सर निवृत्तीनंतर तासिका तत्त्वावर ऑपरेटिंग सिस्टिम शिकवायला येत. त्याआधी त्यांची सगळी नोकरी नगरजवळच्या एका संशोधन केंद्रात गेली होती. ते केंद्र आता नाही. दुष्काळी तालुक्यांतल्या विहिरींच्या पाण्याच्या पातळ्या नोंदवायच्या आणि त्यावरून पाणी कुठे किती खोल चाललंय ते सांगायचं, असं त्याचं काम होतं. त्या कामासाठी तिथे एक मिनीकॉम्प्युटर आणला होता. पीडीपी-अकरा. त्या यंत्राचे आकडे आठाच्या पटीत चालत. सातानंतर सरळ दहा. वर्षानुवर्षं त्याच्यासमोर बसून सरांच्या तोंडी तीच मोजणी बसली ती बसलीच. मुलांनी त्यांचं नाव ठेवलं होतं 'बिनआठाचे सर'. त्यांना ते माहीत होतं. एकदा फळ्यावर कुणीतरी लिहूनच ठेवलं होतं. त्यांनी वाचलं, "शुद्धलेखन बरोबर आहे," म्हणाले आणि पुसून टाकलं.

फळ्यावर काहीही लिहिण्याआधी ते डाव्या कोपऱ्यात एक टिंब काढत. नुसतं टिंब. नव्या मुलांना वाटे खडू अडखळला. पण तेही त्या यंत्राचंच होतं. यंत्र सुरू होऊन तयार झालं की एक टिंब उमटवायचं आणि गप्प बसायचं. "ते टिंब म्हणजे, बोला, मी ऐकतोय," असं सर सांगत. "आताची यंत्रं किती बोलतात. स्वागत, अभिनंदन, नवीन काय, जुनं काय. ते फक्त ऐकायचं."

वर्गात शिकवता शिकवता ते मधेच त्या यंत्राच्या इतिहासात शिरत, आणि मग तास हातचा जाई. आधीचे मोठे संगणक काचेच्या खोलीत असत. माणसानं बाहेरच्या खिडकीशी उभं राहायचं, भोकं पाडलेल्या पत्त्यांचा गठ्ठा आत द्यायचा आणि उद्या यायचं. उद्या कळायचं की एका पत्त्यावर स्वल्पविराम राहिलाय. मग परत गठ्ठा, परत उद्या. "तहसील कचेरीच होती ती," सर म्हणत. "मग हे कपाट आलं. लोखंडी कपाटाएवढं यंत्र. आणि पहिल्यांदा माणूस त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसला."

सुरुवातीला त्या यंत्राला स्वतःचं काही ठाऊक नसे. पुढच्या पट्टीवर खटक्यांची रांग होती. एकेक खटका वर-खाली करून पहिल्या काही आज्ञा हातानं भरायच्या, तेव्हा कुठे ते पुढचं वाचायला शिके. सर टेबलावर बोटांनी ते खटके दाखवत. बोटं इतकी भराभर चालत की मुलं हसायची थांबत. पुढे तबकड्या आल्या. मोठ्या ताटाएवढ्या, प्लास्टिकच्या पेटीत बंद. ही तबकडी घातली की यंत्र एकाच माणसाचं ऐकणार. ती घातली की दहा जणांना थोडा थोडा वेळ देणार, आणि प्रत्येकाला वाटणार, माझंच काम चाललंय. तिसरी घातली की ज्याचं निकडीचं त्याचं आधी. "कपाट तेच," सर म्हणत, "पण स्वभाव तीन. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे यंत्राचा स्वभाव, लिहून घ्या." युनिक्सचीही गोष्ट सांगत. दोन-चार माणसांनी मोठं यंत्र मागितलं, ते मिळालं नाही, म्हणून त्यांनी कोपऱ्यात धूळ खात पडलेल्या जुन्या मिनीकॉम्प्युटरवर स्वतःपुरती एक व्यवस्था लिहिली. आज जगातले बहुतेक फोन तिच्याच वंशातले.

"सर, हे परीक्षेला येतं का?" एखादा विचारीच.

"नाही."

"मग?"

"मग काही नाही. झालं ते सांगतोय."

पण त्यांचा खरा विक्षिप्तपणा प्रयोगशाळेत दिसे. शर्टाच्या खिशात कागदाच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा असायचा. कुठलीही फाइल एका जागेवरून दुसऱ्या जागी न्यायची असली, अगदी पेन ड्राइव्हवर घ्यायची असली, तरी आधी चिठ्ठीवर दोन चौकोन काढायचे. डावीकडे 'कुठून', उजवीकडे 'कुठे'. दोन्ही भरायचे, मोठ्यानं वाचायचे, मग शेजाऱ्याकडून वाचून घ्यायचे, आणि त्यानंतरच बटण दाबायचं. मुलं वैतागायची. एका मुलीनं चिठ्ठी न लिहिता बटण दाबलं म्हणून सरांनी तिचं मनगट धरलं. ती रडायला लागली. सर तिच्याकडे बघत राहिले आणि वर्ग अर्धा सोडून निघून गेले. दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गासमोर तिला नमस्कार करून म्हणाले, "माझं चुकलं. चिठ्ठी मात्र लिहा."

मी तेव्हा नवी होते, शहाणी होते. स्टाफरूममध्ये मी त्यांची नक्कल करायचे. चहाचा कप पुढे करून विचारायचे, "कुठून? कुठे?" सगळे हसायचे. एकदा मागून सर आले. त्यांनी कप घेतला, म्हणाले, "किटलीतून, पोटात," आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले. ते हसले की नाही ते पाठमोरे असल्यानं कळलं नाही.

अशी दोनेक वर्षं गेली. मग तो सर्व्हरचा प्रकार झाला.

आमच्या विभागातल्या सगळ्या मुलांचे अंतर्गत गुण एका सर्व्हरवर होते. एका सोमवारी ते दिसेनात. सगळं कोरं. गुण पाठवायची मुदत चार दिवसांवर आलेली. प्राचार्यांनी सगळ्यांना केबिनमध्ये बोलावलं. प्रयोगशाळेची नोंदवही माझ्याकडे होती. शनिवारी दुपारी सर्व्हरच्या खोलीत कोण होतं, असं प्राचार्यांनी विचारल्यावर मी वही उघडली आणि वाचून दाखवलं. आमच्या प्रयोगशाळा सहायकाची सही होती. हा पन्नाशीचा, कंत्राटी, कुणाच्या अध्यात ना मध्यात असलेला माणूस. तो म्हणाला, "मॅडम, मी फक्त पंखा बंद करायला गेलो होतो."

"सही तुमची आहे ना?" मी विचारलं.

"आहे."

"मग झालं," प्राचार्य म्हणाले.

कोपऱ्यातल्या खुर्चीवरून सर उठले. "ते मी केलं," म्हणाले. "शनिवारी मी होतो. प्रत काढायला गेलो आणि उलटी काढली. यांचा काही संबंध नाही."

शनिवारी सर आले होते हे खरं होतं. प्राचार्यांनी सुस्कारा टाकला. वयस्कर माणूस, त्यातून तासिका तत्त्वावरचा, म्हणजे प्रकरण सोपं झालं होतं. दिवाळीच्या सुट्टीनंतर येऊ नका, एवढंच त्यांनी सांगितलं. आम्ही सगळ्यांनी कागदांवरून गुण पुन्हा भरले.

पंधरा दिवसांनी दुरुस्तीवाला इंजिनियर आला. त्यानं सांगितलं की हार्ड डिस्क आपोआप गेली होती, कुणाच्या हातून काही झालेलं नव्हतं. प्राचार्य हसले. "मग सर कशाला म्हणाले मी केलं म्हणून? वय झालं, दुसरं काय."

मी त्या संध्याकाळी सावेडीला सरांच्या घरी गेले. दोन खोल्या. पत्नी जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. मी इंजिनियरचं बोलणं सांगितलं. सरांना त्याचं काहीच वाटलं नाही.

"तुम्ही खोटं का बोललात, सर?"

"त्या सहीवरून," ते म्हणाले. मग त्यांनी जे सांगितलं ते असं.

केंद्रात धिंदळे नावाचा एक ऑपरेटर होता. राजूरकडचा, डोंगरातला. रोजंदारीवर लागलेला. सरांनीच त्याला यंत्रावर बसवलं, खटके शिकवले. रोज दुपारी पातळ्यांच्या तबकडीची दुसऱ्या तबकडीवर प्रत काढायची असे. एकदा प्रतीची जुनी तबकडी खराब झाली म्हणून सरांनी नवी, कोरी तबकडी घातली. पाळी धिंदळेची होती, तो जेवायला गेला होता. सर खुर्चीवर बसले आणि त्यांनी आज्ञा दिली. पण कुठून आणि कुठे यांची अदलाबदल झाली. कोरी तबकडी भरलेल्या तबकडीवर उतरली. पारनेर, कर्जत, जामखेड, पाथर्डीच्या विहिरींच्या कित्येक वर्षांच्या पातळ्या दहा मिनिटांत गेल्या. मूळ कागद गोदामात होते, त्यांना वाळवी लागून गेली होती.

"मला घाई नव्हती, मॅडम. मन दुसरीकडे नव्हतं. रोज करायचो तेच केलं."

चौकशी झाली. तज्ज्ञ म्हणून सरांनाच विचारलं. नोंदवहीप्रमाणे पाळी कुणाची? धिंदळेची. ऑपरेटरच्या हातून अशी चूक होऊ शकते का? होऊ शकते. "प्रत्येक उत्तर खरं होतं," सर म्हणाले. "तुम्ही केलं का, असं मला कुणी विचारलंच नाही." धिंदळेला दुसऱ्या दिवसापासून येऊ नको म्हणून सांगण्यात आलं. रोजंदारीच्या माणसाला नोटीस लागत नाही.

नोंदवही वाचतानाचा माझाच आवाज माझ्या कानात होता.

"तुमच्याकडे गाडी आहे ना?" सरांनी विचारलं. "राजूरला न्याल का मला? तो आहे अजून. मोटारी दुरुस्त करतो, पाण्याच्या."

रविवारी सकाळी निघालो. संगमनेर मागे पडलं, अकोले गेलं, डोंगर जवळ आले. सर खिडकीबाहेर बघत होते. एकदाच बोलले. "काय म्हणायचं, ते पाठ केलंय. पण तिथे तसं होणार नाही."

धिंदळेंचं दुकान बाजाराच्या रस्त्यावर होतं. पत्र्याचं छप्पर, बाहेर उघड्या करून ठेवलेल्या पाण्याच्या मोटारी, आत तांब्याच्या तारेची रिळं. सत्तरीचा बारकासा माणूस मांडीवर मोटार घेऊन तार गुंडाळत होता. मान वर करून त्यानं सरांकडे पाहिलं. हात थांबला नाही.

"धिंदळे," सर म्हणाले, "मी..."

"वळखलं साहेब."

"ते त्या दिवशी मी केलं होतं. तुमची चूक नव्हती."

"म्हाईत हाय."

सर दारातच उभे. बसा कुणी म्हटलं नव्हतं. धिंदळेंनी तार कापली, मोटार बाजूला ठेवली आणि माझ्याकडे वळून विचारलं, "ह्या कोन?"

"आमच्या कॉलेजातल्या मॅडम. त्यांना सगळं सांगितलंय मी."

"सगळं?" धिंदळे म्हणाले. "कागदाचं सांगितलं का, साहेब?"

उत्तराची वाट न बघता धिंदळे माझ्याशीच बोलू लागले, शांतपणे, जणू गिऱ्हाईकाला मोटारीचा बिघाड समजावून द्यावा तसं.

"तवा पडदा न्हवता, बाई. जे दाबलं ते कागदावर छापून येयाचं. लांबच्या लांब कागद, आमी कवाच तोडत न्हवतो. मी जेवून आलो तर ह्ये खुर्चीत बसल्याले, तोंड पांढरं. आनि कागद फाडल्याला. शेवटचा हातभर कागदच न्हाई. तवाच मला कळलं. त्या कागदावर येळ हुती. त्या येळी मी खानावळीत हुतो, ते धा मान्सांनी सांगितलं असतं. कागद असता तर मी सुटलो असतो."

मी सरांकडे पाहिलं.

"खिशात होता," सर म्हणाले. "घरी नेला. दोन दिवस ठेवला. मग जाळला."

त्यांनी मला हे सांगितलं नव्हतं. मला वाटलं होतं, त्यांचा गुन्हा गप्प राहण्याएवढाच आहे. कदाचित इतक्या वर्षांत त्यांनी स्वतःलाही तेवढंच सांगितलं असेल.

"तुम्ही त्या चौकशीत हे बोलला का नाहीत?" मी धिंदळेंना विचारलं.

"बोललो की. म्हनलं कागद बघा. त्ये म्हनले, कागद तूच फाडला आसशील. माज्यावर संशय घ्यायला कुनाला येळ लागला न्हाई, बाई. साहेबांवर घ्यायचं कुनाच्या मनातबी आलं न्हाई." त्यांनी हात पुसले. "आनि त्या पातळ्या कुनी मोजल्या हुत्या, ठावं हाय का? मशीनवर बसायच्या आदी चार वर्सं मीच हिंडलो. पाथर्डीच्या उन्हात, टेप घेऊन, हिरी हिरीवर. कुत्री मागं लागायची. एकेक पातळी माज्या हातची. आनि लोक म्हनले, ह्येनंच घालवलं."

सरांनी हात जोडले. मग कसंबसं म्हणाले, "मला माफ करा."

बाहेर कुणीतरी बैल हाकत गेलं. धिंदळे म्हणाले, "साहेब, तुमी आज आलाव ते तुमच्यासाटी आलाव. तुमाला हलकं वाटावं म्हनून. माजं वय हुतं तवा आला असताव तर मला नोकरी मिळाली असती. माजा बाप मरेपरेंत मला इचारायचा, सरकारचं मशीन तू का मोडलंस. त्येला आता कोन सांगनार?" त्यांनी दुसरी मोटार मांडीवर ओढली. "जावा. घाटात धुकं येतंय."

परतीच्या वाटेवर सरांनी पाणीसुद्धा घेतलं नाही. मला त्यांची दया येत होती आणि रागही येत होता, आणि त्या दोन्हींत मी त्या नोंदवहीचं पान विसरू शकत नव्हते. घराशी उतरताना ते दाराला धरून उभे राहिले. "मॅडम, त्या सहायकाला तुम्ही भेटलात का?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. "भेटा," ते म्हणाले. "लवकर भेटा."

मी भेटले. तो म्हणाला, जाऊ द्या मॅडम, आणि मला चहा पाजला. इतकं सोपं होतं ते.

सर नंतर फार दिवस टिकले नाहीत. मी अधूनमधून जायचे. त्यांनी त्या यंत्राचा इतिहास लिहायला घेतला होता, मराठीत, फुलस्केप वह्यांमध्ये. तो मात्र पुढे सरकेना. कागदाचा तो प्रसंग त्यांनी लिहिला, खोडला, पुन्हा लिहिला. थंडीत त्यांना न्यूमोनिया झाला. दवाखान्यातून पुतण्याचा फोन आला तेव्हा सगळं संपलं होतं. अमरधाममध्ये आम्ही नऊ जण होतो. प्राचार्यांनी हार पाठवला होता.

महिन्याभरानं मी राजूरला गेले. कुणी सांगितलं नव्हतं, पण त्या माणसाला कळायला हवं असं वाटलं. धिंदळे दुकानातच होते. मी सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला.

"कवा?"

"महिना झाला."

"मागं कोन हाय?"

"कुणी नाही. पुतण्या आहे, तो मुंबईला असतो."

ते उठले. बाकड्यावरच्या मोटारी बाजूला सारून त्यांनी मला बसायला जागा केली. स्वतः उंबऱ्यात बसले, रस्त्याकडे तोंड करून.

"बाई, त्ये त्या दिशी पयल्यांदा न्हवते आले," ते म्हणाले.

मला कळेना.

"मला काडलं, त्याच्या दुसऱ्या वर्सी आल्ते. तवा ह्ये दुकान न्हवतं, नुसतं खोकं हुतं. एस्टीतून उतरले आनि त्या समोरच्या लिंबाखाली उबे राह्यले. माज्याकडं बगत. तासभर, दीड तास. मग त्याच एस्टीनं माघारी. त्याच्या पुढच्या वर्सीबी तसंच. मी काम करीत हुतो, पन दिसत हुतं मला सगळं."

"तुम्ही हाक मारली नाहीत?"

"न्हाई. म्हनलं, येऊ द्या चालत. रस्ताच तर वलांडायचा हुता." रस्त्यावरून एक टेम्पो गेला.

"तिसऱ्या वर्सी त्येंनी रस्त्यात पाय टाकला हुता, बाई. अर्ध्यापरेंत आल्ते. मी बगितलं, आनि पाठ फिरवली."